कम्प्युटरचा केसपेपर

आमच्या क्वार्टरमध्ये उन्हाळ्यात कोणी हळू बोलत नसे. हळू बोलून उपयोगच नव्हता. समोरच्या खोलीच्या खिडकीत लोखंडी कूलर बसवलेला होता. तो सकाळी दहाला सुरू झाला की संध्याकाळपर्यंत पुलावरून जाणाऱ्या मालगाडीसारखा धडधडायचा. त्यात आईचा मिक्सर, मागच्या लाइनीतल्या कोणाचा तरी रेडिओ आणि ठरलेल्या वेळी फॅक्टरीचा भोंगा. शेजाऱ्यांना वाटायचं आमच्याकडे फार भांडणं होतात, पण त्यातली निम्मी भांडणं म्हणजे कूलरच्या वरच्या पट्टीत केलेल्या साध्या गप्पा असायच्या. जबलपूरच्या फॅक्टरी इस्टेटमध्ये दर दोन-तीन लाइनींत आमच्यासारखं एखादं मराठी घर असे. बाहेर हिंदी, शाळेत हिंदी, आणि उंबऱ्याच्या आत नागपुराकडची मराठी, तीही अर्ध्या वाक्यात हिंदीकडे वळणारी. बाबा फॅक्टरीत इलेक्ट्रिक मेंटेनन्सला होते, आई प्राथमिक शाळेत शिकवायची, दादा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि मी अकरावीची परीक्षा देऊन कुरडया राखायला गच्चीवर बसत होते. त्याच वर्षी आत्या आमच्याकडे राहायला आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. रेल्वेच्या दवाखान्यात तीसेक वर्षं नर्स होती, शेवटची दहा वर्षं मेल वॉर्डाची मुख्य सिस्टर. तिने लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायची, "वॉर्डात चाळीस माणसं होती. अजून एक कायले पाहिजे?" बाबा, ज्यांच्याशी फॅक्टरीत त्यांचे साहेबसुद्धा जपून बोलत, ते आत्यासमोर चप्पल जागेवर ठेवायचे. ती त्यांना अजून बाळ्या म्हणायची. रिटायर झाल्यावर तिचा रेल्वेचा क्वार्टर सुटला आणि दोन लोखंडी पेट्या घेऊन ती आमच्या मधल्या खोलीत आली. महिन्याभरातच न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं ताठलेली होती आणि हात किंचित थरथरायचा. त्या हाताने तिने आयुष्यभर लोकांच्या शिरा शोधल्या होत्या. आता तोच हात रबराचा चेंडू दाबत दिवसभर मांडीवर पडलेला असे. घरात तिला काम उरलं नव्हतं. रोज सकाळी आमच्या सगळ्यांचे डोळे आणि जिभा तपासून झाल्या की दिवस संपला.

कम्प्युटर दादाचा. म्हणजे दादाच्या अभ्यासासाठी, आमच्या शहरातल्याच गोरखपूर बाजारातल्या एका दुकानातून सुटे भाग जोडून आणलेला. आईने त्याला भरतकामाचं कव्हर शिवलं होतं आणि पहिल्या दिवशी त्याच्यासमोर फुलंही ठेवली होती. दादाच्या एका मित्राने मोटारींच्या शर्यतीची सीडी दिली. दादा चार दिवस खेळला आणि परीक्षा आली म्हणून सोडून दिलं. एका दुपारी मी ती शर्यत खेळत होते तेव्हा आत्या मागे येऊन उभी राहिली.

"ही गाडी कोण चालवून राहिलं?"

"मी."

"सरक."

जन्मात कधी सायकलवर न बसलेली आत्या त्या दुपारी लाल मोटार घेऊन घाटात शिरली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, सहा मोटारी, तीन फेऱ्या. समुद्र तिने किंवा मी खरा पाहिलेला नव्हता, पण ती त्यात रोज दहा-बारा वेळा पडायची. बाणांची चार बटणं दाबायला बोटं वाकवावी लागत. "रबराच्या बॉलपेक्षा हे बरं," ती म्हणाली. मग रोज दुपारी आईचं जेवण उरकलं, कुंडमच्या जंगलाकडून चारोळीची फळं विकायला येणाऱ्या बाईची हाक गल्लीतून निघून गेली, की आत्या पदर खोचून बसायची. आठवडाभरात तिचा अंगठा तळहाताला टेकायला लागला. घरात हसू वाढलं. आई शाळेचे पेपर तपासता तपासता आतून विचारायची, "ताई, आज समुद्र की डोंगर?"

मग ते सुरू झालं. तिसऱ्या फेरीत, कधी दुसऱ्यातच, टिक असा आवाज व्हायचा, पडदा काळा व्हायचा आणि कम्प्युटर आपला आपण पहिल्यापासून सुरू व्हायचा. आत्याची एकही शर्यत पुरी होईना. दादाच्या प्रोग्रॅमिंगला मात्र तो तासन्‌तास चालायचा. दुकानातले भैया स्कूटरवरून आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "गेम से वायरस आ जाता है। फॉर्मेट मार देते हैं।" मारलं. दोन दिवसांनी पुन्हा टिक. मी एकदा सकाळी गुपचूप दहा मिनिटं खेळून पाहिलं, तर काहीच झालं नाही. मलाही वाटलं, आत्याच काहीतरी भलतं दाबत असणार. ही गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही, आज लिहून टाकते.

एका संध्याकाळी दादाच्या कॉलेजच्या कामाची फाइल खराब झाली. तो ती उघडी ठेवून अंघोळीला गेला होता, आत्याने मध्येच शर्यत लावली आणि कम्प्युटर बंद पडला. दादा ओल्या केसांनी बाहेर आला आणि ओरडला, "आत्या, माझ्या हातून एक दिवस बंद नाही पडत! तुझा हात थरथरते, दोन-दोन बटनं दाबल्या जातात, तुले समजत नाही काय?"

बाबा जागेवरूनच म्हणाले, "काढून टाक तो गेम. काम की चीज को खिलौना बना रखा है।" आत्याने हात मांडीवर घेतला आणि त्या हाताकडेच पाहिलं. "बरोबर आहे बाळ्या," ती म्हणाली, "माह्या हातातच खोट आली." आणि उठून मधल्या खोलीत गेली. तेव्हापासून कम्प्युटर होता त्या समोरच्या खोलीत ती फिरकेना. मागच्या अंगणात बसून चारोळ्या फोडायची, त्याही डाव्या हाताने. सकाळचं डोळे-जिभा तपासणंसुद्धा बंद झालं. शर्यत गेली याचं तिला दुःख नव्हतं. पण आपला हात आता वस्तू बिघडवतो असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि ते पाहवत नव्हतं.

गेम काढायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते आज-उद्या करत राहिले. दादाच्या कपाटात कम्प्युटरबरोबर आलेल्या खोक्यात एक सीडी होती, तिचा प्लास्टिकचा कागदही कोणी फोडला नव्हता. सुट्टीत कंटाळलेल्या मुलीने जे करावं तेच मी केलं, ती टाकून पाहिली. त्यात एक छोटा प्रोग्रॅम निघाला. उघडला की पडद्याच्या कोपऱ्यात आकडे यायचे: आतलं तापमान, पंख्याचे फेरे आणि खाली तीन-चार आकडे कसले तरी. मला तापमान तेवढं कळलं. मी अंगणात धावले.

"आत्या, कम्प्युटरचा ताप मोजता येते!"

तिने मान वर केली. "किती आहे?"

"सेहेचाळीस."

"अगं माय. माणूस गेला असता." मग थोडं थांबून, "चार्ट केला?"

"नाही."

"मग कायले सांगून राहिली? एका आकड्यावर कोणी औषध देते काय?"

पण चारोळ्यांचं ताट तिने बाजूला सरकवलं होतं.

बाबांच्या कपाटातून आम्ही आलेखाचे कागद काढले. आत्याने पट्टीने रेघा मारल्या, डाव्या हाताने कागद दाबून, उजव्याने हळूहळू. वर लिहिलं: पेशंटचं नाव, कम्प्युटर. वय, सात महिने. तक्रार, पळताना चक्कर येऊन पडतो. मी म्हटलं, फक्त तापमान लिहू, बाकीचे आकडे मला समजत नाहीत. ती म्हणाली, "समजत नाहीत म्हणूनच लिहायचे. समजणारे तर लक्षातही राहतात." शेवटी एक रकाना काढला, ड्युटीवर कोण. खेळायला मात्र ती बसेना. "तू खेळ, मी लिहीन." शर्यत पूर्ण पडद्यावर असली की आकडे झाकले जायचे, म्हणून मी ती पोस्टकार्डाएवढ्या खिडकीत लावली. आत्याने चष्मा पुसला. "मुंगीची गाडी करून टाकली." मग तिने पेटीतलं जुनं घड्याळ काढलं, नर्सांचं, छातीला पिनेने उलटं टांगायचं, आणि साडीला लावलं. दर मिनिटाला ती "बोल" म्हणायची आणि मी एका डोळ्याने रस्ता, एका डोळ्याने आकडे बघत सांगायचे.

पहिल्या दुपारी ताप चढत गेला. पन्नास, चोपन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. एकोणिसाव्या मिनिटाला टिक. मी आनंदाने उडीच मारली. "गरम होते म्हणून पडते!" मे महिन्यातल्या जबलपुरात हे कोणालाही पटलं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पेशंटची शुश्रूषा केली. आईचं कव्हर काढलं, डब्याची एक बाजू खोलली, आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली, टेबल फॅन समोर लावला. आईने विचारलं, मीठ-पाण्याच्या पट्ट्या ठेवू का, तेव्हा आत्या कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. ताप एकोणपन्नासच्या वर गेलाच नाही. आणि चौदाव्या मिनिटाला, कालच्यापेक्षाही लवकर, टिक.

मला रडू यायला लागलं. आत्या मात्र कागदाकडे बघत बसली होती, पेन्सिल ओठांवर ठेवून. "काल तापात पडला, आज बिनतापाचा पडला," ती म्हणाली. "म्हणजे तापानं नाही पडून राहिला. पोट्टे, ही खालची ओळ वाच बरं मले." खालच्या ओळीला, पडद्यावर होतं तसं, बारा असं नाव दिलेलं होतं आणि आकडे मी न समजता सांगितले होते. शर्यत नसताना अकरा पूर्णांक आठ. शर्यत लागली की अकरा पूर्णांक चार. मग अकरा पूर्णांक दोन. मग अकरा. आणि दोन्ही दिवशी त्या अकरानंतर रकाना रिकामा. आत्याने त्या दोन अकरांभोवती लाल पेनने गोल केले.

"बीपी," ती म्हणाली. "याचं बीपी पडून राहिलं. काम पडलं का पडते. बसून राहिला तर काही होत नाही. अशे पेशंट मी लय पाहिले."

आज मी एका मोठ्या दवाखान्यात यंत्रं सांभाळते. मॉनिटर, व्हेंटिलेटर, पंप, सगळी आकडे दाखवणारी. पन्नाशी जवळ आली, चष्म्याला दोन नंबर झाले. माझ्या भाच्याकडे खेळासाठी घेतलेला कम्प्युटर आहे, काचेच्या डब्याचा, आत निळे-जांभळे दिवे. खेळतानाच पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं तापमान, चित्रांचा वेग, वीज किती खातो ते सगळं दिसतं. परवा त्याचा खेळ अडखळत होता तेव्हा मी विचारलं, "लिहून ठेवलंस का कधी अडखळतो ते?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी दगडी पाटीबद्दल बोलत होते. आकडे समोर दिसतात म्हणून हल्ली कोणी ते लिहीत नाही. मी अजून लिहिते. माझ्या हाताखालची मुलं हसतात, मग दोन दिवसांनी स्वतःच वही मागतात.

त्या उन्हाळ्यात, चार्टच्या तिसऱ्या दिवशी, आत्या म्हणाली की दुसऱ्या डॉक्टरचं मत पाहिजे. दादाला बोलावलं. तो त्या भांडणानंतर तिच्याशी नीट बोललाच नव्हता. चूक कळली होती, पण माफी कशी मागतात ते आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. "मी खेळलो तर नाही पडणार, पाहा," असं म्हणत तो बसला, आणि खरंच छान चालवत होता, वळणावर एकदाही डोंगराला घासला नाही. मी आकडे वाचत होते. अकरा पूर्णांक तीन. अकरा पूर्णांक एक. अकराव्या मिनिटाला, तो पहिल्या नंबरवर असताना, टिक.

आत्याने शेवटच्या रकान्यात दादाचं नाव, संदीप, लिहिलं आणि कागद टेबलावर ठेवला. आधीच्या दोन दिवसांपुढे माझं होतं. ड्युटीवर कोण: रंजू, रंजू, संदीप. तिचं नाव कुठेच नव्हतं. तिने ती तीन नावं बोटाने पुन्हा वाचली, शाळेतल्या मुलीसारखी. दादानेही वाचली. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि कैरीच्या पन्ह्याचे तीन ग्लास घेऊन आला. आमचा दादा स्वतःहून पिण्याचं पाणीसुद्धा उठून घेत नसे. आत्याने ग्लास उजव्या हाताने घेतला. थोडं पन्हं साडीवर सांडलं, तिकडे कोणी पाहिलं नाही.

भोंगा झाला, बाबा सायकल लावून आत आले, आणि आत्याने त्यांच्यासमोर कागद धरला. बाबांनी आधी तो फॅक्टरीचा आलेखाचा कागद ओळखला आणि कपाळाला आठी घातली. मग आकडे वाचले. मग उभ्याउभ्याच खिशातला चष्मा काढून पुन्हा वाचले.

"हे बारा म्हणजे व्होल्ट होय?"

"काय माहीत बापा," आत्या म्हणाली. "आम्ही बीपी म्हणून राहिलो."

"अगं ताई, बाराचे अकरा झाले! प्लस-मायनस पाच टक्के चालते, अकरा पूर्णांक चारच्या खाली गेलं का लाइट बल्बही कुरकुरते!" बाबांचा आवाज चढला. "हे तर विजेचं काम होय. माझं काम! मले काहून नाही सांगितलं कोणी?"

"तू गेम काढून टाक म्हणून राहिला होता ना."

बाबा त्यांचा वीज मोजायचा मल्टीमीटर आणायला गेले. चहा गार झाला. उघड्या डब्यात त्यांनी पिवळ्या तारेला एक टोक लावलं, काळीला दुसरं, आणि म्हणाले, "चालव." मी चालवली. आम्ही पाच जण, आईसुद्धा हाताला कणीक तशीच घेऊन, त्या काट्याकडे बघत होतो. काटा हळूहळू खाली आला, जसा कोणी जिना उतरावा. टिक. बाबांनी डब्याच्या मागची पत्र्याची पेटी दाखवली, जिथून सगळ्या तारा निघत होत्या. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणारा सप्लाय. "हा कमजोर आहे. शर्यतीत चित्रांचं कार्ड जोरात चालते, ते वीज मागते, आणि याच्यात दमच नाही."

दुसऱ्या दिवशी आत्या आणि मी कम्प्युटर मांडीवर घेऊन ऑटोने गोरखपूरला गेलो. दुकानात गर्दी होती. भैयांनी आम्हाला पाहिलं आणि दुरूनच म्हणाले, "अम्माजी, फिर से फॉर्मेट मार देंगे, आधा घंटा बैठिए।"

"बेटा, पहले केसपेपर देखो।" आत्याने कागद काउंटरवर पसरला.

ते आधी हसले. मग वाकून वाचायला लागले. मग आतल्या खोलीत बसलेल्या माणसाला, जबलपुरात दोस्ताला मारतात तशी हाक मारली, "बड्डे, इधर आ तो।" दोघांनी मिळून वाचलं. सप्लाय काढला, हातात तोलला. मलाही धरायला दिला, रिकाम्या टिफिनसारखा हलका होता. भैयांचा चेहरा उतरला. "डब्बे के साथ यही आता है, अम्माजी। हमने कभी नापा ही नहीं।" आतून त्यांनी दुसरा आणला, चांगला विटेएवढा जड, आणि बसवून दिला. वर्षाची गॅरंटी संपली नव्हती, म्हणून वेगळे पैसे मागितले नाहीत. मग जरा चाचरत म्हणाले, "ये चार्ट की एक फोटोकॉपी मिलेगी? हमारे यहाँ तो इंजीनियर लोग भी ऐसा नहीं बनाते।"

"हमारे यहाँ सिस्टर लोग बनाती हैं," आत्या म्हणाली. "ले लो। और बेटा, पहले नापा करो, फिर मारा करो।"

परतताना तिने ऑटो थांबवून खोव्याची जलेबी घेतली. घरी पोचेपर्यंत कागदातून तूप माझ्या ओढणीवर आलं होतं.

संध्याकाळी कूलर बंद करून सगळे समोरच्या खोलीत जमले. मी शर्यत पूर्ण पडद्यावर लावली आणि खुर्ची सोडली. आत्या जरा वेळ उभीच राहिली. दादा म्हणाला, "बस ना आत्या." ती बसली, पदर खोचला, बोटं बाणांवर ठेवली. हात थरथरतच होता. पहिल्या फेरीत ती समुद्रात पडली. दुसऱ्या फेरीत डोंगराला घासली आणि पुन्हा समुद्रात पडली. बाबा ओरडत होते, "ब्रेक, ताई, ब्रेक!" आणि ती ओरडत होती, "वॉर्डात आवाज नाही पाहिजे!" मग तिसरी फेरी लागली. बाकीच्या पाच मोटारी केव्हाच पोचल्या होत्या, घाटात एकटी लाल मोटार वळणं घेत होती. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पूल गेला, शेवटचं वळण गेलं, झेंडे दिसायला लागले, आणि तिने रेघ ओलांडली. पडद्यावर तिचा नंबर आला, सहा.

बाबांनी टाळी वाजवता वाजवता म्हटलं, "ताई, शेवटची आली तू."

आत्याने बोटं बाणांवरून उचलली, वाकवली, सरळ केली.

"आली ना पण," ती म्हणाली.